फांदी बरोबर होती

उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या एका उद्यानात लोकांनी आणलेल्या झाडाझुडपांची ओळख पटवून देणं हे माझं काम. ऑगस्ट संपत आला की टेबलावर काळ्या फळांचे घोस यायला लागतात आणि प्रश्न बहुधा एकच असतो, हे खाल्लं तर चालेल का?

त्या दिवशी साठीचे एक गृहस्थ आले. एका हातात फांदी, दुसऱ्या हातात कागदी पिशवीत मूठभर फळं. त्यांच्या कुंपणाला आधीच्या मालकाने लावलेली चोकबेरीची, म्हणजे तुरट फळं येणाऱ्या एका झुडपाची, रांग होती आणि यंदा ती फळांनी लगडली होती. आमच्या एका सहकाऱ्याने फोटो बघून ‘चोकचेरी’ असं सांगितल्यामुळे ते घाबरले होते. फोटोवरून झुडपाचं नाव सांगून मोकळं होणं याला मी कामचुकारपणाच म्हणते. त्यात ही दोन नावं इतकी सारखी, की लोकांनी गोंधळू नये तर काय करावं!

चोकचेरी ही चेरीची बहीण. तिच्या पानांत आणि बियांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. फुलं लांब तुऱ्यात, फळात एकच कोय आणि पानाच्या देठावर, पात्याच्या अगदी जवळ, बारीक ग्रंथींची जोडी. चोकबेरीही गुलाबाच्याच कुळातली, पण नातं सफरचंदाशी. फुलं चपट्या गुच्छात, पाच पांढऱ्या पाकळ्या, मधे गुलाबी परागकोश. ऑगस्टमध्ये फुलं कुठून मिळणार? तेव्हा पान उचलायचं, वरची बाजू उजेडाकडे करायची आणि दहापट भिंगातून मध्यशिरेवर नजर फिरवायची. शिरेच्या कडेने उभे असलेले काळपट लाल, बोटांसारखे इवलेसे केस दिसतात. त्या ग्रंथी असतात. त्या एकदा ओळखीच्या झाल्या की चोकबेरीच्या बाबतीत शंका उरत नाही. ही खूण मी कित्येकांना भिंग हातात देऊन दाखवली आहे आणि ती दिसल्यावरचे त्यांचे चेहरे मला फार आवडतात.

या फांदीवर त्या ग्रंथी होत्या. कडा बारीक करवती. पानाची खालची बाजू आणि कोवळी डहाळी गुळगुळीत, म्हणजे काळी चोकबेरी. लाल चोकबेरी असती तर तिथे लव लागली असती. “फळं तुरट लागतील, पण रस खुशाल काढा,” मी म्हटलं. ते समाधानाने गेले आणि पिशवी टेबलावरच राहिली.

संध्याकाळी आवरताना मी त्यातलं एक फळ सहज आडवं कापलं. चोकबेरीत सफरचंदासारखा छोटा तारा दिसतो, आत मऊ, बारीक बिया. फळाच्या टोकाला निदलांचा सुकलेला मुकुटही असतो. या फळाचं टोक साफ गुळगुळीत होतं आणि आत तीन टणक बिया होत्या. दुसरं कापलं, ती चोकबेरी. तिसरं पुन्हा तसलंच.

बकथॉर्न. वेगळंच झुडूप, पोट झाडून काढणारी, जुलाब करणारी फळं.

मी लगेच फोन लावला. रस काढून झाला होता, पण अजून कुणी प्यायलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंपणापाशी गेले. रांग चोकबेरीचीच होती, मुळांतून फुटवे येऊन दाट झालेली. त्या दाटीत चकचकीत बकथॉर्नची पाच झुडपं चोकबेरीच्याच उंचीची होऊन उभी होती. पक्ष्यांनी बी टाकलेलं असणार. पानांना दाते नाहीत, फळं टोकाच्या गुच्छात नाहीत तर पानांच्या बगलेत, आणि एकाच फांदीवर लाल-काळी दोन्ही. साल खरवडली तर आत पिवळसर. दोन्ही झुडपं शेजारी पाहिली तर चुकायचं काही कारणच नाही. मी पाहिली होती ती त्यांनी निवडून आणलेली सर्वांत देखणी फांदी.

“पण तुम्ही तर हो म्हणाला होतात,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. फांदी चोकबेरीचीच होती, हे मी त्यांना सांगितलं आणि सांगतानाच ते किती अपुरं आहे हे मला ऐकू आलं. रसाच्या बाटल्या त्यांनी माझ्यासमोर ओतून टाकल्या. मग आम्ही दोघांनी त्या पाच झुडपांना फिती बांधल्या.

आमच्या नोंदवहीत त्या दिवशीच्या ओळीपुढे ‘काळी चोकबेरी’ एवढंच लिहिलेलं आहे. मी ते खोडलेलं नाही. खाली लिहिलंय : फक्त फांदी पाहिली, पिशवी उघडली नाही.