हनुवटीखालची सावली

आमच्या घरी देव्हाऱ्याच्या वर रविवर्म्याच्या लक्ष्मीची तसबीर होती. नववीत असताना मी ती उतरवून शाळेत नेली. आजी दोन दिवस बोलली नाही. पण चित्रकलेच्या सरांनी सांगितलं होतं, ‘‘चेहरा रंगवायला शिकायचंय ना? मग आधी एका मोठ्या चित्रकाराच्या मागोमाग चाल.’’ एलिमेंटरी, इंटरमिजिएटचं काम जलरंगात व्हायचं. तैलरंगाची ट्यूब मी तेव्हा प्रथम हातात घेतली, तीही सरांच्या स्वतःच्या पेटीतली.

सरांनी तसबिरीच्या काचेवर खडूने चौकटी आखल्या, तेवढ्याच कॅनव्हासवर. रंग मात्र दोनच दिले, बर्न्ट अंबर म्हणजे गडद तपकिरी, आणि पांढरा. शनिवारची शाळा सुटली की मी वर्गात थांबायचो. दोन महिने लक्ष्मीचा चेहरा नुसता तपकिरी होता. डोळे किलकिले करून पाहायचं, उजेड कुठे संपतो ते शोधायचं, मग चित्र आरशात धरायचं. आरशात वाकडं नाक लगेच दिसतं. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरात जवसाचं तेल जास्त, हा क्रम त्यांनी कधी मोडू दिला नाही. तेलकट थर सावकाश वाळतो. त्याच्यावर पातळ थर चढवला तर पुढे भेगा पडतात.

मग यलो ऑकर हा मातकट पिवळा आणि लाइट रेड हा तांबूस रंग मिळाला, आणि मी हनुवटीखाली काळा रंग भरला. चेहऱ्याला काजळी लागल्यासारखं दिसू लागलं. सर काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी ते आम्हा चौघांना एसटीने सातारा जिल्ह्यातल्या औंधला घेऊन गेले.

तिथलं यमाईच्या डोंगरावरचं संग्रहालय औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभारलं. ते स्वतः चित्रकार होते. तिथे मी रविवर्म्याची खरी तैलचित्रं पाहिली आणि बराच वेळ हललो नाही. गालाला कुठेही रेघ नव्हती. गालाची कड मागच्या अंधारात विरून जात होती. हनुवटीखालच्या सावलीत काळा नव्हता, वस्त्राचा तांबूस उजेड तिथे वर चढला होता. आमच्या घरची तसबीर म्हणजे ओलिओग्राफ, दगडावरून एकेक रंग छापून काढलेली. रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला, म्हणून तर त्याची लक्ष्मी आजीच्या देव्हाऱ्यापर्यंत पोचली. पण चेहऱ्याभोवतीची ती ठाम रेघ छापखान्याची होती, आणि मी इतके दिवस तिचीच नक्कल करत होतो.

परत आल्यावर ती रेघ मी कोरड्या ब्रशने हळूहळू विरवली. परतीच्या एसटीत सरांनी सांगितलेलं डोक्यात होतं: त्रावणकोरच्या दरबारात एक युरोपीय चित्रकार काम करायचा, ते नुसतं पाहून पाहून रविवर्मा तैलरंग शिकला.

दहावीच्या सुट्टीत शाळेच्या शिपाईमामांना समोर बसवून मी पहिलं व्यक्तिचित्र केलं. मामांनी पांढरी टोपी घातली होती. कपाळावर टोपीची सावली पडली होती; ती निळसर आहे हे मला कुणी न सांगता दिसलं. मी ब्रश खाली ठेवून धावत सरांना बोलवायला गेलो.

लक्ष्मीची ती प्रत आज माझ्या कामाच्या खोलीत आहे. कॅनव्हासच्या मागे सरांचं पेन्सिलीतलं अक्षर अजून वाचता येतं: ‘हनुवटीखाली पुन्हा पाहा.’