गालावरच्या रेघा

मी फिलाडेल्फियात जुन्या नाण्यांच्या दुकानात पारख करते. मूळची सांगलीची. सराफ कट्ट्यावर वडिलांचं छोटं दुकान होतं, त्यामुळे सोन्याशी ओळख लहानपणापासूनची. पण गेल्या जानेवारीतली ती सकाळ आठवली की अजून छातीत धस्स होतं.

सत्तरी ओलांडलेल्या एक बाई आल्या. रुमालात गुंडाळलेलं नाणं काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "माझ्या आजीचं आहे. चेहऱ्यावर ओरखडे पडलेत. एका दागिनेवाल्यानं तीन वाजता बोलावलंय, घासून गुळगुळीत करून देतो म्हणाला. मग किती येतील, तेवढं सांगा."

मी रुमाल उलगडला. मोकळ्या केसांची लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्यदेवी, खाली 1879. कडेनं ताऱ्यांच्या मधे अक्षरं: 6 जी, .3 एस, .7 सी, 7 ग्रॅम्स. मागे मोठा पाचकोनी तारा आणि त्यावर 'वन स्टेला, 400 सेंट्स'. बारा वर्षं या धंद्यात आहे, पण स्टेला तोवर फक्त लिलावांच्या कॅटलॉगमध्ये पाहिली होती.

चार डॉलरचं हे नाणं चलनात कधी आलंच नाही. ते नमुना नाणं. फ्रान्स, इटली, बेल्जियम आणि स्वित्झर्लंड यांनी 1865मध्ये नाणी एकाच मापाची ठेवायचा करार केला होता. ऑस्ट्रिया-हंगेरीतले अमेरिकेचे राजदूत जॉन कॅसन यांनी सुचवलं की तिकडे चालेल असं एक नाणं आपणही काढावं. मग इथल्याच टांकसाळीत चार्ल्स बार्बरची ही मोकळ्या केसांची आणि जॉर्ज मॉर्गनची बांधलेल्या केसांची, अशा दोन लिबर्टी तयार झाल्या. पण तिकडच्या 20 फ्रँकच्या नाण्यात शुद्ध सोनं 5.8 ग्रॅम आणि यात 6. ज्या बरोबरीसाठी एवढा खटाटोप केला, तीच जमली नाही. अमेरिकन काँग्रेसनं प्रस्ताव सोडून दिला. मोकळ्या केसांची 1879ची नाणी सुमारे 425 पाडली गेली असं मानतात.

वजन केलं: बरोबर 7 ग्रॅम. क्ष-किरणांनी धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या एक्सआरएफ मशीनखाली धरलं: सोनं जवळजवळ 86 टक्के, चांदी चार, तांबं दहा. 6, 0.3 आणि 0.7 ग्रॅमचा हिशेब हाच. नाण्यानं कडेवर लिहिलेलं मशीननं वाचून दाखवलं. चलनातलं अमेरिकन सोनं 90 टक्के असायचं, त्यामुळे हा आकडा पाहून माझा जीव भांड्यात पडला.

मग भिंगाखाली रेघा पाहिल्या. गालावर आणि केसांवर बारीक, एकमेकींना समांतर. गाल संपतो तिथे त्याही संपत होत्या, पुढचा सपाट भाग आरशासारखा स्वच्छ. नंतर पडलेला ओरखडा असा हद्द पाळून थांबत नाही. सोन्याचा पत्रा ओढून पातळ करताना त्यावर रेघा उठतात. ठसा बसला की सपाट भागातल्या दबून जातात, पण चेहरा ठशात सगळ्यांत खोल, तिथे सोनं तळापर्यंत पोचत नाही आणि रेघा राहतात. बहुतेक स्टेलांवर त्या दिसतात.

म्हणजे तीन वाजता पुसली जाणार होती ती टांकसाळीची खूण.

वरच्या कडेला डाग दिल्याची खूण मात्र खरी होती. कुणीतरी कडी लावून नाणं गळ्यात घातलं होतं. आपल्याकडे पुतळ्यांची माळ करतात तसंच. त्यानं किंमत उतरते, हे मी बाईंना स्पष्ट सांगितलं. चांगल्या स्थितीतलं नाणं लाखाहून अधिक डॉलरना जातं, हेही सांगितलं आणि प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणालाही विकू नका म्हटलं.

त्या बराच वेळ गप्प होत्या. वडील गिऱ्हाइकांचे दागिने रिठ्याच्या पाण्यात उजळून द्यायचे, तेव्हा बायकांचे चेहरे किती खुलायचे ते मला माहीत आहे. चकचकीत करून घ्यावंसं वाटलं यात या बाईंची काहीच चूक नव्हती. राग आला तो त्या दागिनेवाल्याचा. हातात काय आहे हे न बघता त्यानं वेळ दिली होती.

त्यांनी माझ्यासमोरच फोन करून तीनची वेळ रद्द केली. मग भिंग मागून घेतलं, डोळ्याला लावलं आणि म्हणाल्या, "कुठे संपतात त्या रेघा, पुन्हा दाखवा."