दोनदा हरलेल्या रविवारांबद्दल

"2024 ला गेलीस, हरले. 2025 ला पुन्हा गेलीस, पुन्हा हरले. आता तरी पुरे ना?"

जर्मनीतल्या कासेलमधल्या मराठी मंडळींच्या गणपतीत आरती संपून प्रसाद हातात पडायच्या आत हे विचारून झालेलं असतं. मी जाते ते हँडबॉलच्या जर्मन चषकाच्या शेवटच्या दोन दिवसांना, आणि हरतो तो माझा संघ, मेल्झुंगेन. सांगलीहून दादा दर फोनला विचारतो. ऑफिसातले जर्मनही विचारतात, फक्त जरा सभ्यपणे. जोडीला दुसरा प्रश्न असतोच: "नवऱ्याला आवड आहे का?" नाही. त्या शनिवार-रविवारी तो घरी पोरांकडे बघतो आणि फोनवर स्कोअरसुद्धा उघडत नाही. निदान हे तरी पुन्हा विचारू नका.

मी शाळेत मातीच्या मैदानावर गोलकीपर होते, तोंडावर चेंडू खाल्लेत, ते तुम्हाला पाठ आहे. ते उगाळत नाही. आणि मेल्झुंगेन हा गरीब बिचारा संघ आहे म्हणून मला कळवळा येतो, हेही डोक्यातून काढा. गाव फुल्डा नदीकाठचं, चौदा-एक हजार वस्तीचं, हे खरं. पण संघ 2005 पासून बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये आहे, आमच्या कासेलच्या हॉलमध्ये खेळतो, बाहेरदेशचे चांगले खेळाडू आणतो. त्या दोन्ही वर्षी प्रशिक्षक होते रोबेर्तो गार्सिया पारोंदो, स्पॅनिश. असा संघ हरला की दया येत नाही, राग येतो.

पूर्वी मी स्वतःच तुमच्यासारखं बोलायचे. लीग हीच खरी परीक्षा, 18 संघ, 34 सामने, एका वाईट दिवसानं कुणाचं वर्ष बुडत नाही. जर्मन चषकाचं काय, चार संघ एका गावात गोळा करायचे, शनिवारी उपांत्य, रविवारी अंतिम, की झालं. मग 2021 आलं. कोरोनामुळे लांबलेली स्पर्धा जूनमध्ये हॅम्बुर्गला झाली. गुरुवारी उपांत्य सामन्यात कीलचा संघ मध्यंतराला 18-11 असा पुढे होता. कील म्हणजे सर्वाधिक वेळा हा चषक नेणारा संघ. समोर लेमगो. लेमगोनं ते सात गोल भरून काढले आणि 29-28 नं सामना घेतला. मी टीव्हीसमोर उभी राहून ओरडत होते: याला म्हणतात बाद फेरी! शुक्रवारी त्याच लेमगोनं अंतिम सामन्यात आम्हाला 28-24 नं हरवलं आणि रात्री जेवताना मी म्हणत होते की एका दिवसाच्या लहरीवर चषक द्यायचा तर नाणंच उडवा. दोन्ही वेळा मला माझं म्हणणं शंभर टक्के पटलेलं होतं. अजूनही दोन्ही पटतात.

आता 2024.

तोवर स्पर्धा कोलोनला हलली होती, जवळजवळ वीस हजार माणसं मावणाऱ्या अरीनात. शनिवारी आम्ही बर्लिनला हरवलं. रविवारी 14 एप्रिल, घरच्या ग्रुपवर जयंतीचे फोटो येत होते आणि मी लाल शर्टांच्या गर्दीत बसून समोर माग्डेबुर्ग बघत होते. त्या मोसमात लीगही त्यांनीच जिंकली. पण भारी संघाकडून नुसतं हरणं वेगळं आणि हे वेगळं. आम्हाला गोलच होईनात. बचाव बरा चालला होता, म्हणून आणखीच चिडचिड. फुटबॉलमध्ये तीन गोल खाल्ले की माणूस मोकळा होतो, घरी जायला लागतो. हँडबॉलमध्ये अर्ध्या-पाऊण मिनिटात एक हल्ला संपतो, त्यामुळे हिशेब सुटत नाही. अजून पंधरा मिनिटं आहेत, सात गोल आहेत, लेमगोनं नव्हते का भरून काढले? ज्या लहरीला मी शिव्या दिल्या होत्या तिच्याकडेच आता पदर पसरून बसले होते. टाइमआऊटचं हिरवं कार्ड टेबलावर गेलं की वाटायचं, आता. मग पुढचा चेंडू गोलकीपरच्या पायावर आदळायचा. 30-19. साठ मिनिटांत 19 गोल म्हणजे किती कमी, ते इथे शाळेतल्या पोरांनाही कळतं.

शेवटची काही मिनिटं राहिली असताना शेजारचे आजोबा, मेल्झुंगेनचेच, शांतपणे टाळ्या वाजवत मला म्हणाले, "पुढच्या वर्षी आहेच की." मी फिरून म्हटलं, पुढच्या वर्षी इथवर पोचू याची खात्री तुम्हाला कुणी दिली? एक सोडत वाईट निघाली, एका बुधवारी कुणाचा गुडघा दुखावला, की ऑक्टोबरातच संपतं सगळं. ते रागावले नाहीत. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "तुम्ही नव्या आहात."

संघाला नवी, खेळाला नवी, की देशाला नवी? विचारता आलं असतं. विचारलं नाही. माझी मुलं इथे जन्मलीत, टॅक्स इथे भरते, त्या संघाच्या राखीव गोलकीपरची ढोपरं कधी दुखतात तेही मला ठाऊक असतं. आजोबांच्या मनात वाईट काही नसणार. तरीही परतीच्या गाडीत मी 30-19 पेक्षा त्या तीन शब्दांवरच जास्त धुमसत होते. चषक देताना टाळ्या वाजवल्या नाहीत. नकोच होत्या वाजवायला.

तर खरं उत्तर हे, आवडो न आवडो: 2025 ला मी मेल्झुंगेनसाठी कमी गेले आणि त्या वाक्यासाठी जास्त. शनिवारी समोर बालिंगेन होतं, खालच्या, दुसऱ्या लीगमधला संघ. 2021 ला चमत्कारासाठी ओरडणारी मी त्या दिवशी देवाला विनवत होते की आज कृपा करून चमत्कार नको. झाला नाही. रविवारी कीलनं 28-23 नं हरवलं आणि तेरावा चषक घरी नेला. आजोबा कुठे दिसले नाहीत. मी टाळ्या वाजवल्या, पण त्या मनापासून होत्या का, ते सांगता येणार नाही.

दादाला मी नेहमी राइन-नेकार ल्योवेन या संघाचा दाखला देते. 2006, 2007, 2010, असे चषकाचे तीन अंतिम सामने ते हरले आणि 2018 ला जिंकले, 2023 ला परत जिंकले. आमचेही हरून तीन झालेत. मागच्या फोनला दादानं शोधून काढलं की ल्योवेन मधल्या काळात, 2016 आणि 2017 ला, लीग विजेतेही होते. "तुमचं तसं काही आहे का?" नाही. ते मला त्याच्या आधीपासून माहीत होतं आणि म्हणूनच मी ते कधी सांगितलं नव्हतं. मी विषय वहिनीच्या पाठदुखीवर नेला.