तुम्ही विचारलंत म्हणून : पेत्रोवच का?

"सर, बल्गेरियाचा फुटबॉल म्हटलं की गोल करणारा स्टॉइचकोव. मग तुम्ही पोरांना सारखं त्या पेत्रोवचं काय सांगता?"

कोल्हापुरात मी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. मैदानाच्या कडेला थांबलेले पालक हा प्रश्न हमखास विचारतात. विचारणारे बहुतेक जण 1994 चा विश्वचषक टीव्हीवर बघितलेले. त्या बल्गेरियानं जर्मनीला घरी पाठवलं, चौथा क्रमांक मिळवला, स्टॉइचकोवनं सहा गोल केले. ते सगळं मलाही पाठ आहे. पण जर्मनी हरली त्या आठवड्यात, पुढे बल्गेरियाकडूनच मधल्या फळीत खेळलेल्या स्टिलियन पेत्रोवला नुकतं पंधरावं वर्ष पूर्ण झालं होतं. माझ्या पोरांच्याच वयाचा, माँटाना नावाच्या छोट्या गावातला मुलगा. माझ्या पोरांना तो जवळचा वाटतो तो यामुळेच.

बल्गेरियाच्या राजधानीतल्या, सोफियाच्या सीएसकेए क्लबकडून तो 1999 मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या सेल्टिक क्लबमध्ये गेला. वय वीस. भाषा येत नाही, माणसं अनोळखी, आणि त्यात तो मधल्या फळीतला खेळाडू असून त्याला उजव्या बॅकला, म्हणजे बचावात उजव्या कडेला उभं केलं. ते वर्ष त्याचं फार वाईट गेलं. घरची ओढ एवढी की परत जावंसं वाटायचं. मग त्यानं काय केलं? मित्राची बर्गरची गाडी होती, तिथं जाऊन तो काम करू लागला. गिऱ्हाइकाचं ऐकायचं, ऑर्डर घ्यायची, बोलायचं. एवढ्या मोठ्या क्लबचा खेळाडू गाडीवर उभा राहून इंग्रजी शिकला! कारण मिडफिल्डरला, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूला, बोलता आलंच पाहिजे. मागचा बचाव आणि पुढची फळी यांच्यामध्ये उभा असलेला माणूस मुका राहिला, तर संघाचे दोन तुकडे होतात. माझी पोरं मैदानात गप्प खेळतात तेव्हा मी हीच गोष्ट काढतो.

2000 मध्ये मार्टिन ओनील प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी त्याला मध्यभागी आणलं. त्याच ऑगस्टमध्ये ग्लासगोच्याच कट्टर प्रतिस्पर्धी रेंजर्सविरुद्ध सेल्टिक 6-2 नं जिंकलं. आठव्या मिनिटाला सहकारी मोरावचिकच्या कॉर्नरवर पेत्रोवचा हेडर. मी मुलांना त्यातला गोल दाखवत नाही, त्याआधीची त्याची धाव दाखवतो. चेंडू उडायच्या आधीच तो निघालेला असतो. तोच मुलगा, तेच पाय, फक्त जागा बदलली. म्हणून एखादं पोरगं बॅकला रडतखडत खेळत असलं, तर त्याला "तुला जमत नाही" म्हणायला माझी जीभ उचलत नाही. चूक माझीही असू शकते.

पुढचं भराभर सांगतो. सेल्टिककडून चार लीग विजेतेपदं, युरोपातल्या क्लबांच्या यूईएफए कपची 2003 ची अंतिम फेरी, 2006 पासून इंग्लंडमधला ॲस्टन व्हिला क्लब, तिथलं कर्णधारपद, देशासाठी शंभरावर सामने.

मार्च 2012 मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर त्याला ताप भरला. तपासणीत रक्ताचा कर्करोग निघाला, तीव्र ल्युकेमिया. बातमी आली 30 मार्चला आणि दुसऱ्याच दिवशी घरच्या मैदानावर चेल्सीशी सामना होता. पेत्रोव स्वतः स्टँडमध्ये बसला होता. त्याच्या जर्सीचा नंबर 19. एकोणिसावं मिनिट लागताच सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. एका सामन्यापुरतं नाही, पुढच्या हंगामातही दर सामन्याला ते मिनिट पाळलं गेलं. गोल करणाऱ्यासाठी टाळ्या पडतातच. सामनाभर पळून चेंडू हिसकावणाऱ्या, सरळ पास देणाऱ्या माणसासाठी हजारो लोक घड्याळ बघत थांबतात, हे मला आजही गलबलून टाकतं.

2012 च्याच ऑगस्टमध्ये आजार आटोक्यात आला, पण मे 2013 मध्ये त्यानं निवृत्ती घेतली. नंतर रविवारच्या हौशी संघातून खेळला. आणि 2016 मध्ये, सदतिसाव्या वर्षी, हंगामापूर्वीच्या सरावाला व्हिलाच्या मैदानावर परत उतरला.

इथवर आलो की पोरं विचारतातच, "मग घेतलं का सर त्याला संघात?"

नाही घेतलं. करार मिळाला नाही. हे मी त्यांना सांगतो, आणि तो महिनाभर रोज सरावाला जात होता, हेही सांगतो.