नारळ पिवळा पडला म्हणून लगेच कुऱ्हाड घेऊ नका

यावलकडे आमच्या विहिरीजवळ केळीच्या कडेला नारळाची चार झाडं आहेत, बाबांनी लावलेली. यंदा श्रावणात त्यातलं एक पिवळं पडायला लागलं, तर गावच्या ग्रुपवर एकाने टाकलं की हा तो परदेशातला लीथल यलोइंग, म्हणजे नारळ पिवळा पाडून मारणारा रोग, ताबडतोब तोडा नाहीतर बाकीची पण जातील. दुकानदाराने अँटिबायोटिकची पुडी दिली, मुळाशी ओता म्हणे. नाना तर कुऱ्हाड घेऊनच निघाले होते, म्हटलं नाना थांबा दोन दिवस, आधी बघू तरी.

लीथल यलोइंग होतो फायटोप्लाझ्मा नावाच्या जंतूमुळे. म्हणजे बॅक्टेरियाच, पण पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीची भिंत, नसलेला, झाडाच्या अन्नरसाच्या नळ्यांत राहणारा. आपल्या भरताच्या वांग्याला पर्णगुच्छ रोग येतो ना, पानं बारीक होऊन गुच्छ होतो तो, तो पण असल्याच जंतूमुळे, तिथे तुडतुडे पसरवतात. पेशीभित्तिकाच नाही म्हणून त्या भिंतीवरच हल्ला करणारी पेनिसिलिनसारखी औषधं यावर चालत नाहीत, टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक चालतं पण ते खोडात इंजेक्शनने द्यावं लागतं, दर काही महिन्यांनी परत परत, आणि तरी रोग फक्त दबतो. मुळाशी पुडी ओतून काय होणार.

ओळखायचा कसा, तर क्रम बघायचा. लीथल यलोइंगमध्ये पहिल्यांदा लहानमोठे सगळे नारळ गळतात, मग नवीन पोय, म्हणजे नारळाचा फुलोरा, उघडते ती काळी पडलेली असते, त्यानंतर खालच्या झावळ्या पिवळ्या होत वर चढतात. केरळातला रूट विल्ट रोग वेगळा, त्यात पात्या बरगड्यांसारख्या आत वाकतात आणि झाड लगेच मरत नाही, वर्षानुवर्षं खंगत जातं. जुन्या झावळ्यांची पाती कडेने पिवळी आणि शिरेजवळ हिरवी असेल तर बहुतेक मॅग्नेशियम कमी पडलंय. पण डोळ्यांनी फक्त संशय घ्यायचा, पक्कं सांगते ती लॅबमधली पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी टेस्टच.

आमच्या झाडाची पोय चांगली पांढुरकी होती, फळं पण टिकून होती, म्हणजे क्रमच जुळत नव्हता. मग खोड खालपासून चाचपत गेलो तर कमरेएवढ्या उंचीवर एक भोक, त्यातून तपकिरी चिकट पाणी ओघळलेलं आणि चघळल्यासारखा भुसा. खोडाला कान लावला तर आतून बारीक कुरकुर येत होती. सोंड्या भुंग्याच्या अळ्या! नानांना पण कान लावायला लावला, त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली आणि म्हणाले, चल, आधी बाकीच्या तिघांना कान लावू.