घरच्या बोंडूंचा पहिला निरो

आज पहिल्यांदाच परसातल्या काजूच्या बोंडूंचा निरो, म्हणजे ताजा गोड रस, घरी काढला. इतकी वर्षं आमच्या गोव्यातल्या वाळपईच्या घरी बिया काढून घेतल्या की बोंडू गुरांपुढे जायचे, याचं आज फार वाईट वाटलं. सासूबाईंचा नियम एकच: झाडावरून ओढायचे नाहीत, आपणहून पडलेलेच वेचायचे. परातीत कुस्करून चोथा पातळ फडक्यात बांधला, टांगला, खाली पातेलं. थेंब थेंब करत तांब्याभर जमला! चिमूटभर मीठ घालून प्यायलो. गोड, आणि मागून घशाला हलकी खवखव. उरलेला दुपारी फसफसायला लागला, कडेला पांढरा फेस. हाच आंबलेला रस एकदा भट्टीवर चढला की हुर्राक ही हलकी दारू, पुन्हा चढला की फेणी.

सासूबाई म्हणाल्या, "उद्या पहाटे परत वेचूया गो."