बिल्ला १९४७चा, इंजिन नंतरचं

गिऱ्हाइकाला त्याच्या जुन्या फोर्डसाठी माझ्याकडून पत्र हवं होतं. दुकानाच्या लेटरहेडवर चार ओळी: १९४७ साली एल मिराजच्या सुकलेल्या तळ्यावरच्या शर्यतीत धावलं ते हेच इंजिन. खाली माझी सही आणि शिक्का. अशा कागदाने लिलावात गाडीचा भाव किती चढतो ते त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. मी पत्र दिलं नाही. त्यात मोठेपणा काही नाही, पण पुढे जे झालं ते मनातून जात नाही.

आमचं दुकान लॉस एंजलिसच्या पूर्वेला, पोमोनाच्या अंगाला. नातेवाइकांच्या लेखी मी 'अमेरिकेत गॅरेज चालवतो', आणि ते काही खोटं नाही. लोकांना वाटतं इथे दिवसभर इंजिनं गर्जत असतात. प्रत्यक्षात निम्मा दिवस आधीच्या कुणा बहाद्दराने केलेलं वायरिंग उपसण्यात जातो आणि उरलेला फोनवर 'नाही' म्हणण्यात. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे, म्हणून जुन्या लोखंडावर आम्ही मोकळ्या हाताने काम करतो. नव्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा डबा, काढून द्या म्हणणाऱ्यांना मी भित्रा वाटतो. वाटू दे.

हिशेब माझा भागीदार बघतो. सिलिंडरची भोकं कातायच्या बोअरिंग मशिनवर एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ आहेत. इथे सगळे सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारतात, पण या वयाच्या माणसाला तसं हाकारायला माझी जीभ वळत नाही, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणतो. त्यांची हरकत नाही.

गाडी म्हणजे १९३२ची फोर्ड रोडस्टर. त्या साली फोर्डने सामान्य माणसाच्या गाडीत व्ही-८ इंजिन घातलं: २२१ क्युबिक इंच, ६५ हॉर्सपॉवर. पुढे या गाड्या जुन्या बाजारात स्वस्त झाल्या. पोरांनी मडगार्डं उतरवली, बॉनेट काढून ठेवलं आणि मोहावी वाळवंटातल्या सुकलेल्या तळ्यांवर त्या पळवायला सुरुवात केली. १९३७ साली क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. म्युरॉकचं तळं लष्कराच्या हाती गेलं, आज तिथे एडवर्ड्स हवाई तळ आहे. पोरं एल मिराजला सरकली, आणि तिथे अजूनही शर्यती होतात. वेग नोंदला गेला की एक छोटा पितळी बिल्ला मिळायचा: नाव, तारीख, वेग. तो डॅशबोर्डवर रिव्हेट मारून बसवायचा. या गाडीच्या डॅशबोर्डवर तसा बिल्ला होता, १९४७चा, आणि तो अस्सल होता याबद्दल मला शंका नाही. अक्षरं झिजलेली, रिव्हेटांखालचा रंगही जुनाच.

पण गाडी ट्रेलरवरून उतरत होती तेव्हाच माझ्या लक्षात आलं की इंजिन त्या सालचं नाही. यासाठी विद्वान असावं लागत नाही. फोर्डच्या १९४८ पर्यंतच्या मोटारींतल्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटणारा भाग, पुढे, कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) तोंडाशी, चपटा बसलेला असतो आणि १९३७पासूनच्या इंजिनांत पाण्याचे पाइप हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाच्या, मध्यातून निघतात. हे होतं फोर्डचं नंतरचं ८बीए. यात डिस्ट्रिब्युटर वर उभा, पाण्याची तोंडं हेडच्या पुढच्या टोकाला आणि बेलहाउसिंग (क्लचचं आवरण) ब्लॉकपासून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागापासून, वेगळं. हे इंजिन ट्रकमध्ये १९४८ मॉडेलपासून आलं आणि मोटारीत १९४९ पासून. मी तिथल्या तिथे मालकाला सांगितलं. तो म्हणाला, विकणाऱ्याने मला सगळं सांगितलंय, तुम्ही फक्त इंजिन चालतं करा.

चालतं करायला ते खोलावं लागलं, आणि इथे मला थोडं पाल्हाळ लावू द्या.

फ्लॅटहेड, म्हणजे फोर्डचं हे जुनं व्ही-८, फार गुणी पण फार तापट इंजिन. व्हॉल्व्ह हेडमध्ये नसतात, ब्लॉकमध्येच सिलिंडरच्या शेजारी असतात. त्यामुळे जळालेला वायू ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या पोकळीला चाटत बाहेर काढावा लागतो; चुलीचा धूर माजघरातून नेल्यासारखा. एका बाजूला सिलिंडर चार, पण मधल्या दोघांचं धुराचं तोंड एकच, म्हणून बाहेर पाइप तीन. सगळी उष्णता तिथे कोंडते, आणि व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरकडे तडा जातो. ब्लॉक उकळून धुतला, चुंबक लावून पावडर टाकली, तर तडा होताच. पण तो आधीच कुणीतरी दुरुस्त केलेला होता. आट्यांच्या बारीक लोखंडी पिना एकात एक अडकवत ओळीने बसवल्या होत्या आणि वरून घासून सपाट केलं होतं. बोटाला काही लागत नव्हतं. पावडरनेच त्या पिनांची रेघ दाखवली.

पुढे बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, मोजला. अण्णांचा आकडा आला ३.३१ इंच आणि माझ्या तोंडून निघालं, तीन इंच अडीच सूत. माझ्या वडिलांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात रिबोअरचं दुकान होतं. तिथे भोक सुतात मोजतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कंपनीचा बोअर तीन इंच दीड सूत, म्हणजे इथे पुरतं एक सूत काढलं होतं. क्रँक मर्क्युरीचा (फोर्डचीच दुसरी गाडी), चार इंच स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टन चार इंच वरखाली करणारा, जो १९४९पासून आला. गुणाकार केला की २७६ क्युबिक इंच. पोर्ट, म्हणजे ब्लॉकमधल्या हवा-धुराच्या वाटा, हाताने घासून रुंद केलेले, आणि डाव्या-उजव्या बाजूत मला फरक सापडेना. अल्ट्रासॉनिक यंत्राने भिंतींची जाडी तपासली, तर जिथे पातळ असेल असं वाटत होतं तिथेही लोखंड पुरेसं शिल्लक. असलं यंत्र हाताशी नसताना त्या माणसाने हे कशाच्या भरवशावर केलं असेल? अण्णांनी आरसा आत घालून एकेक पोर्ट पाहिला आणि म्हणाले, "हा माणूस घाईत नव्हता." त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

मग आम्हीही घाई केली नाही. हेडचे चोवीस बोल्ट आवळले की सिलिंडर किंचित वाकडा होतो, म्हणून हेडच्या जागी पोलादी प्लेट आवळून होनिंग, म्हणजे सिलिंडरची आतली बारीक घासणी, केलं. दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्बोरेटर होते. मालकाने नवा इलेक्ट्रिक पंप बसवून घेतला होता आणि पेट्रोल वरून सांडत होतं. कार्बोरेटर खराब आहेत असं त्याला एका दुकानाने सांगितलं होतं. या कार्बोरेटरला अडीच पीएसआयच्या वर दाब सोसत नाही, एवढी साधी गोष्ट. दाब उतरवला, सांडणं थांबलं.

डायनोवर इंजिनाची ताकद मोजायच्या दिवशी मालक फोटोग्राफर घेऊन आला. इंजिन पहिल्या फिरकीला सुरू झालं. पाणी तापेपर्यंत थांबलो, मग लोड देत नेलं. साडेचार हजार आरपीएमच्या आसपास १६० हॉर्सपॉवर. आजची साधी फॅमिली कार याहून जास्त देते, पण तो आवाज देत नाही. शेजारच्या टायरवाल्याची पोरंसुद्धा काम टाकून दाराशी येऊन उभी राहिली. मालक हसत होता, मीही. आणि त्याच हसऱ्या तोंडाने त्याने पत्राचं काढलं.

मी त्याला ब्लॉकपाशी नेलं, डिस्ट्रिब्युटर दाखवला, क्रँकचं सांगितलं. म्हटलं, असं लिहून देतो: १९५०च्या आगेमागे कुणा फार जाणत्या माणसाने बांधलेलं इंजिन, आमच्याकडे दुरुस्त झालं. बिल्ला गाडीचा आहे, इंजिनाचा नाही. तळ्यावरची पोरं जास्त दमाचं इंजिन मिळालं की जुनं काढून टाकायची, तोच तर सगळा नाद होता. गाडी खरी, बिल्ला खरा, इंजिनही खरं.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे हे चुकीचं इंजिन आहे. काढा. १९४७चं बसवा."

मला हे अपेक्षित नव्हतं. १९४७ साली या गाडीत नेमकं कुठलं इंजिन होतं याचा कागद कुणाकडेच नाही. युद्धानंतरचं ५९ए असेल, युद्धाआधीचंही असेल. पण चित्रात ५९ए शोभतं, लिलावाला येणारे लोक ते ओळखतात, म्हणून त्याला ५९ए हवं होतं. मी खरं सांगितलं म्हणून खरं इंजिन बाहेर जाणार आणि त्याच्या जागी तंतोतंत शोभणारं एक खोटं येणार, आणि तेही माझ्याच हातून. अण्णा तिथून निघून गेले. भागीदार मला बाजूला घेऊन म्हणाला, दुकानाचं भाडं तू पोर्ट बघून भरणार आहेस का?

आम्ही ५९ए बांधलं. चांगलं बांधलं. आमच्याकडे प्रत्येक ब्लॉकवर कामाचा नंबर आणि साल ठोकायची पद्धत आहे. त्याने ठोकू नका म्हणून सांगितलं. मी म्हटलं, मग दुसरं दुकान बघा. शेवटी इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्बोरेटर बसतात त्या भागाच्या, खाली, जिथे ते उचलल्याशिवाय दिसणार नाही, तिथे ठोकलं, आणि बिलावरही साल लिहिलं. तो म्हणाला, बिल माझ्या कपाटात राहील.

८बीए विकत द्या असं मी विचारलं. नाही म्हणाला, 'कधीतरी किंमत येईल'. पेटीत घालून घेऊन गेला.

परवा लिलावाचं कॅटलॉग पाहिलं. एका पानावर बिल्ल्याचा फोटो, समोरच्या पानावर इंजिनाचा, खाली एवढंच: 'काळाला साजेसं फ्लॅटहेड'. एक शब्द खोटा नाही. वाचणारा दोन फोटो स्वतःच जोडणार. भागीदार म्हणतो, पत्र तू दिलं नाहीस, खोटं त्यांनी लिहिलं नाही, पैसे आले, मग तक्रार कशाची? अण्णा यावर बोलतच नाहीत. मला वाटतं त्यांचा राग मालकावर नाही, माझ्यावर आहे, आणि पहिल्याच दिवशी 'इंजिन मस्त आहे' एवढंच म्हणून मी गप्प बसायला हवं होतं असं त्यांना वाटतं.

पेटीतलं इंजिन मधूनमधून तेल घालून हाताने फिरवलं नाही तर बोअरला गंज धरेल, एवढं मालकाला ईमेलने कळवलंय. कसं फिरवायचं तेही लिहिलंय. उत्तर अजून नाही.